आधी गवत, मग उपासना

जपानमधल्या शिमानेच्या डोंगरातून एका ताईंचं पत्र आलंय. मूळच्या नगरकडच्या, घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. लिहितात, ‘गावमंडळ गवत कापायचं काम नेमकं रविवारीच ठेवतं. गेलं नाही तर २००० येन भरा म्हणतात. वर्गणीतून जिन्जालाही पैसे जातात. आम्ही इथे उपासना करायची की नाही?’ पुढे मुलाच्या शाळेची जिन्जा-सहल, नाताळची सुट्टी, सासूबाईंचा व्हिसा असं बरंच आहे. (जिन्जा म्हणजे जपानच्या शिंतो धर्माचं देऊळ. आपल्याकडे चर्चलाही देऊळच म्हणतात, म्हणून मीही जिन्जा हाच शब्द ठेवते.)

ताई, उपासना जरूर करा. पण पत्र दोनदा वाचून मी हिशेब मांडला. कुसाकारी, म्हणजे हे गवत कापणं, सकाळी ६ ला, काम दोन तासांचं. तुमची उपासना साडेदहाला, गाडीने ५० मिनिटं. हे आकडे तुमचेच. म्हणजे अडचण देवाची नाही, आंघोळीची आहे.

रविवार काही तुम्हाला छळायला निवडलेला नाही; एरवी माणसं नोकरीवर असतात. तारीखही सरकत नाही, ती भातामुळे. बांधावरच्या गवतात कामेमुशी नावाचे वास मारणारे किडे वाढतात. भात निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या, दोनेक आठवडे आधी गवत काढलं तर त्यांची पैदास तुटते. ऐन निसवताना काढलं तर तेच किडे शेतात उतरतात आणि कोवळे दाणे टोचतात. डागाळलेला दाणा हजारात एक, तोवरच तांदूळ पहिल्या प्रतीचा. पुढे प्रत उतरते आणि भावही. तुमच्या घरामागचा बांध वाढलेला राहिला तर भुर्दंड शेजारच्या आजोबांना. ते २००० येनही दंड नव्हेत. त्याला देबुसोकुकिन म्हणतात, हात कमी पडल्याची भरपाई. आमच्या माहेरी पाटाच्या पाळीला जो आला नाही त्याला कुणी चहा विचारत नसे; जपानी माणूस निदान पैशांवर सोडतो!

यजमानांनी गवत कापायचं मशीन आधी घराच्या आवारात हाताळून पाहावं. पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे नेत कापायचं आणि पात्याची डावी पुढची कडच गवताला लावायची. उजवी पुढची कड दगडाला किंवा खुंटाला लागली की मशीन उसळून फेकलं जातं. नवख्यांचे अपघात इथेच होतात. दुसऱ्या माणसापासून १५ मीटर अंतर, डोळ्यांना चष्मा, नडगीला पट्टे. टू-स्ट्रोक असेल तर मशीनवर लिहिलेल्या प्रमाणातच ऑइल मिसळा, ५०:१ किंवा २५:१. नुसत्या पेट्रोलवर पिस्टन जाम होतो. मशीन नसेल तर विळा आणि दाताळं घेऊन जा. कापलेलं गवत ओढायला माणसं नेहमीच कमी पडतात.

आता जिन्जाचे पैसे. इथे मात्र मी तुमच्या बाजूने आहे. गावमंडळाने वर्गणीसोबत ते सक्तीने घेणं धर्मस्वातंत्र्याला धरून नाही, असं सागा जिल्हा न्यायालयाने २००२ साली म्हटलं आहे. पण कोर्टाचं नाव कुमिचोंच्या, म्हणजे तुमच्या घरांच्या गटप्रमुखांच्या, दारात काढू नका. वार्षिक सभेत जमाखर्चाचा कागद वाटतात, त्यात जिन्जाची ओळ शोधा, घरटी आकडा काढा. मग हजारेक येनचा खाऊचा डबा घेऊन संध्याकाळी जा आणि एवढंच म्हणा: ‘श्यूक्यो-जो नो रियू दे, जिन्जा नो बुन दाके वा एन्र्यो सासेते कुदासाई. कुसाकारी नि वा कानाराझु देमासु.’ धार्मिक कारणाने जिन्जापुरतं माफ करा, गवताला नक्की येऊ. दुसरं वाक्य खरं असेल तरच पहिलं चालतं.

हे लवकर उरका. कुमिचोची पाळी घरोघर फिरते. तुमच्या दारात आली की इतरांचे जिन्जाचे पैसे गोळा करणं, वर्षअखेरीस ओफुदा, म्हणजे जिन्जाच्या पवित्र पट्ट्या, वाटणं तुमच्या गळ्यात पडेल आणि तेव्हा नाही म्हटलं तर सगळ्यांचीच पंचाईत.

तुम्ही लिहिता, ‘आमच्याकडे संशयाने बघतात.’ ताई, गोव्याहून निघालेले झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले खरे, पण १६१४ पासून १८७३ पर्यंत त्या देशात ख्रिस्ती धर्माला बंदी होती. आजही शेकड्याला जेमतेम एक माणूस ख्रिस्ती. हा संशय नसावा, अनोळखीपणा असावा.

शेजारी कुणी वारलं तर जा. पाकिटात ५००० येन, पाकीट साधं पांढरं, कमळाचं चित्र नको, ते बौद्धांचं. कोरी नोट असेल तर घडी पाडून घाला. उदबत्तीपाशी नुसतं वाकून नमस्कार केलात तरी चालतं.

मुलाच्या जिन्जा-सहलीसाठी वर्गशिक्षिकेला एक चिठ्ठी पुरे. नाताळला तिथे सुट्टी नसते, रजा टाका. व्हिसाचं इमिग्रेशन कार्यालयात विचारा, मला नको.

आणि एक. ‘ते फिरतं पत्रक चार दिवस आमच्याचकडे आहे,’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. कुसाकारीची तारीख त्यातच असते आणि पुढच्या घरांनी ती अजून वाचलेली नाही. वाचल्याचा शिक्का मारा आणि आजच शेजारी देऊन या.