'नॉइज' म्हणजे नुसती खरखर नव्हे

प्रश्न असा: घरी बनवलेल्या प्रीअँपवर (मुख्य अँप्लिफायरआधी बारीक सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटवर) मराठीत लिहिताना 'नॉइज'ला 'गोंगाट' म्हणावं की 'खरखर'?

गोंगाट नकोच, तो माणसांचा असतो. खरखर चालेल, पण एकाच बिघाडापुरती. मराठीत नादांचे शब्द मुबलक आहेत. ते नीट वाटून घेतले तर शब्दावरूनच दोष कळतो.

'हम'साठी 'गुणगुण' लिहिलेलं दिसतं. गुणगुण डासाची, बारीक. हा आवाज खर्जातला, जाड: घूंऽ. घरातली वीज 50 हर्ट्झची, तीच शील्ड (धातूचं आवरण) नसलेल्या इनपुट वायरीत शिरते. व्हॉल्यूमच्या पॉटच्या (फिरवायच्या रेझिस्टरच्या) धातूला बोट लावल्यावर घूं कमी झाली, तर पॉटची बॉडी ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टला) जोडायची राहिली आहे.

भणभण निराळी. ती 100 हर्ट्झची, म्हणजे नेमकी एक सप्तक वर, आणि माशीसारखी कर्कश. तिचा उगम बहुधा सप्लायमध्ये. नेहमीची चूक म्हणजे 12-0-12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर 7815 (15 व्होल्टचा रेग्युलेटर) लावणं. फिल्टर कपॅसिटरवर मिळतात साधारण 16 व्होल्ट, 7815 ला हवेत 17. संध्याकाळी लाइनचा व्होल्टेज उतरला की रिपल (सप्लायमध्ये उरलेला चढउतार) सरळ आउटपुटला. 7812 आणि 7912 (अधिक आणि उणे 12 व्होल्टचे रेग्युलेटर) लावा, नाहीतर ट्रान्सफॉर्मर 15-0-15 चा घ्या.

'हिस'ला मी सूंसूं म्हणेन. 'फूत्कार' लिहिणाऱ्यांनी सापासाठी राखून ठेवावा. सूंसूं रेझिस्टरच्या ओहमबरोबर वाढते. नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा न करणाऱ्या) जोडणीतल्या 5532 या ऑप-अँप आयसीला 100 के (किलोओहम) आणि 10 के लावलेत तर गेन 11, म्हणजे सिग्नल 11 पट. 10 के आणि 1 के लावले तरी गेन 11 च, पण सूंसूं स्पष्ट कमी. मात्र 1 के सोबत ग्राउंडला जाणारा कपॅसिटर 2.2 मायक्रोफॅरडचा असेल तर तो 22 चा करायला विसरू नका. नाहीतर सूंसूंबरोबर तबल्याचा डग्गाही जाईल.

आता खरखर. पॉट फिरवतानाच येते ती, आणि फिरवणं थांबलं की थांबते. लोक लगेच स्प्रे मारतात. आधी पॉटच्या मधल्या पायावर मल्टिमीटरने डीसी बघा. पाच-दहा मिलिव्होल्ट दिसले तर दोष धुळीचा नाही: 5532 चा बायस करंट (त्याच्या इनपुटला लागणारा बारीक प्रवाह) पॉटमधून वाहतोय. मधला पाय आणि आयसी यांच्यामध्ये 1 मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घाला, आणि आयसीच्या इनपुटपासून ग्राउंडला 100 के. हा 100 के राहिला तर करंटला वाटच उरत नाही आणि आउटपुट एका रेलला (सप्लायच्या टोकाच्या व्होल्टेजला) जाऊन चिकटतं.

उरलं 'मोटरबोटिंग'. बोट कशाला हवी, आपल्याकडे फटफटी आहेच: फटफट. ती एकाच सप्लायवरच्या अँप्लिफायरच्या टप्प्यांनी एकमेकांना ढकलल्याने होते; प्रत्येक टप्प्याच्या सप्लायला 100 ओहमचा रेझिस्टर आणि 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला की बहुतेक वेळा थांबते.