दुपारी आडवं झालं की चोरी केल्यासारखं वाटतं

प्रश्न: नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहते, वय ४६. घरून डबे देते, अंबडच्या कंपन्यांमधली बाहेरगावची मुलं आहेत, दोन्ही वेळचे डबे, रविवारीसुद्धा. पहाटे साडेचारला उठते, रात्री झोपायला अकरा होतात. दुपारी दोनला ओटा आवरून झाला की चारपर्यंत तसं काही नसतं, पण पडले तरी कान गेटकडेच. कडी वाजली की ताडकन उठते आणि हातात लसूण नाहीतर मेथीची जुडी घेते, म्हणजे कोणी आलं तर लोळताना दिसायला नको. घरात कोणी काही बोलत नाही हो, मिस्टर कंपनीत आहेत ते तर उलट झोप म्हणतात. पण सासूबाईंनी दुपारी पाठ टेकलेली मी कधी पाहिली नाही आणि माहेरीही (दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे आमची) आई तशीच. मी आळशी होत चाललेय का?

उत्तर: नाही ताई, अजिबात नाही. साडेचार ते दोन म्हणजे साडेनऊ तास झाले, तेही बहुतेक उभ्याने आणि गॅसपुढे. कारखान्यातल्या कामगाराला सलग पाच तासांच्या वर राबवायचं नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यायचीच, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनेच ठरवून दिलं होतं. तुमचे मिस्टर सुट्टीच्या दिवशी बिनघोर झोपतात ना, तीही कोणी आपणहून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कित्येक वर्षं भांडले तेव्हा १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. म्हणजे विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे हे आपल्याकडे तेव्हाच मान्य झालं, फक्त तो हक्क स्वयंपाकघरापर्यंत आलाच नाही, कारण तिथे ना मुकादम ना भोंगा, आणि घरचं काम "संपलं" असं कधी होतच नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ९७, असं दिसलं. तुमचे डबे तर त्याच्याही वर!

त्यामुळे सगळं आवरलं की पडेन हा हिशोबच सोडा. पडायची वेळ ठरवा, अडीच ते तीन म्हणा, आणि ती घरात बोलून दाखवा, म्हणजे मग लपवायला काही उरतच नाही. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ती मेथीची जुडी लागली हो. कोणी रागावत नाही, कोणी विचारत नाही, तरी आपण पुरावा हातात घेऊन बसतो. उद्या कडी वाजली की उठू नका. छातीत धडधडेल, धडधडू दे. येणारा येईल, चप्पल काढेल, पाणी घेईल आपल्या हाताने. आधी अपराधी वाटणं जाईल आणि मग मी निवांत पडेन असं कोणाचंच होत नाही, तसं वाटत असतानाच पडून राहायचं, मग काही दिवसांनी ते हळूहळू कमी होतं.

सासूबाई आणि आई बसल्या नाहीत कारण त्यांना बस म्हणणारं कोणी नव्हतं, त्यांच्या पाठी दुखत नसतील असं थोडंच आहे. आणि द्राक्षाचं तुम्हाला मी काय सांगू, माल निघाला की एप्रिलच्या खरड छाटणीआधी बागेला विश्रांती देतात, तेव्हा वेल काही देत नसते तरी खतपाणी चालूच ठेवतात कारण घड पोसण्यात तिच्यातला साठा संपलेला असतो. त्या दिवसांत बागेला कोणी नावं ठेवली का कधी?

आता थोडं तब्येतीचं. अकरा ते साडेचार म्हणजे जेमतेम साडेपाच तास झोप, मोठ्या माणसाला निदान सात तास लागते. तुमची दुपारची झोप त्या तुटीची आहे, चैनीची नाही. वीस-तीस मिनिटांचा गजर लावा, फार उशिरा किंवा फार वेळ झोपलात तर रात्री झोप यायची नाही. मोबाईल लांब ठेवा, रील बघत पडणं यात धरू नका. आणि एवढं करूनही अंग जडच राहत असेल, जिने चढताना धाप लागत असेल, पाळी अनियमित किंवा अंगावरून जास्त जात असेल, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या, या वयात हे अंगावर काढू नका.

शेवटचं म्हणजे रविवार. निदान संध्याकाळचा डबा बंद करा. पुढचा महिना लागायच्या आधीच मुलांना ग्रुपवर कळवा की रविवारी संध्याकाळी डबा मिळणार नाही, सिडको-अंबडला खायची ठिकाणं भरपूर आहेत, जेवतील ती, आणि महिन्याचे पैसे त्या हिशोबाने आधीच ठरवून टाका म्हणजे नंतर कापाकापी नको.