पाठवण्यात पाठ नाही

‘पाठ’ या शब्दाचे अर्थ किती, समानार्थी शब्द कोणते, आणि ‘पाठवणे’ त्याच्यावरूनच आलं ना, असं एका वाचकाने विचारलं आहे.

अवयव आणि धडा हे अर्थ शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. पण ते एकाच शब्दाचे दोन अर्थ नव्हेत, ते दोन निराळे शब्द आहेत. ‘ती’ पाठ संस्कृत ‘पृष्ठ’पासून झिजत आली, ‘तो’ पाठ ‘पठ्’ धातूचा. म्हणून ओझं पाठीवर आणि व्याकरण पाठात. ‘पाठ = धडा, पृष्ठ, मागची बाजू’ असं एका ओळीत छापणारी गाइडं मुलांचं नुकसान करतात.

आता पाठवणे. ‘पाठ फिरवून जायला लावणे म्हणजे पाठवणे’ ही व्युत्पत्ती भर व्याख्यानात ऐकावी लागते. साफ चूक! मूळ आहे संस्कृत ‘प्रस्थापयति’, म्हणजे प्रस्थान करायला लावतो. प्राकृतात ‘प्र’मधला र गळाला, ‘स्थ’चा ‘ट्ठ’ झाला. मराठीत जोडाक्षर सुटलं आणि आधीचा ‘अ’ लांबला. शेजारी बघा. हिंदीत आणि गुजरातीत पाठीला म्हणतात ‘पीठ’, पण पाठवण्याला जुन्या हिंदीत ‘पठाना’, गुजरातीत ‘पाठववुं’. क्रियापद पाठीवरून झालं असतं, तर तिथे ‘पी’ नको होता का? ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं, त्या प्रस्थानाचं हे सख्खं भावंड. लग्नातली मुलीची पाठवणी त्याच घरची. ‘लोकेशन पाठव’ म्हणतो तेव्हाही आपण तोच ‘प्र-स्था’ उच्चारत असतो, आणि मला याचा फार आनंद होतो.

खरा राग मात्र ‘पाठीशी घालणे’चा. सत्कारात हमखास कुणीतरी म्हणतं, ‘सरांनी आम्हाला कायम पाठीशी घातलं.’ अहो, सर पाठीशी उभे राहिले! पाठीशी घालतात ते चुकलेल्याला, गुन्हेगाराला. वाक्प्रचारांच्या याद्यांत नुसतं ‘संरक्षण देणे’ छापतात, तिथेच घोळ होतो.

समानार्थी शब्द? पृष्ठ. पण ‘पृष्ठ दुखतंय’ कुणी म्हणत नाही, ते आता पानाच्या अर्थाने उरलं. गंमत अशी की कागदाला पाठही आहे: अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स काढताना ‘पाठपोट द्या’ म्हटलं की दोन्ही बाजूंना छापून मिळतं, आणि एका बाजूने कोरा राहिलेला कागद पाठकोरा.