पंपाचा दांडा कोणी काढायचा?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सरकारनं लोकांच्या आयुष्यातून बाजूला व्हावं, हे तुझं म्हणणं. सरकार नसेल तर दुबळ्याला वाली कोण, हे तुझ्या मित्राचं. तीन तास भांडलात आणि शेवटी दोघंही होतात तिथेच राहिलात. एवढंच नाही, आता बोलणंही बंद आहे. या शेवटच्या ओळीनं मला वाईट वाटलं, म्हणून लगेच लिहायला बसले.

'सरकार किती असावं' याचं उत्तर देताना माणूस बहुतेक वेळा आपला स्वभावच सांगत असतो. तुझ्या वयाची असताना मीही असे वाद हिरिरीनं घालायचे. एका स्पर्धेत तर बक्षीस मिळालं. खाली उतरल्यावर एका वयस्कर परीक्षक बाईंनी विचारलं, "उद्या सकाळी सरकारचं नेमकं कुठलं काम बंद करशील?" मला एकही सांगता आलं नाही.

तेव्हापासून मी अख्ख्या सरकारवर वाद घालत नाही. एक अधिकार वेगळा काढायचा आणि तेवढ्याबद्दलच बोलायचं. तूही तसं करून बघ.

१८५४ चं लंडन घे. ऑगस्टच्या अखेरीस सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. जॉन स्नो या डॉक्टरनं दारोदार चौकशी केली, तेव्हा संशय ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर आला. त्या पाण्याची चव लोकांना आवडायची. दूरवर राहणारी एक बाई मुद्दाम ते मागवून प्यायची, तीही दगावली. ७ सप्टेंबरला स्नो स्थानिक मंडळापुढे गेला आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. पाणी पिणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. मंडळाला स्नोचं म्हणणं पूर्ण पटलेलंही नव्हतं. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोनं स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवलंय. तरी तो दांडा काढायलाच हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

त्याच वर्षी दक्षिण लंडनमध्ये दोन खाजगी कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून जात होते. एका कंपनीनं १८५२ मध्येच पाणी घेण्याची जागा थेम्सच्या वरच्या, स्वच्छ भागात हलवली होती. दुसरी अजून सांडपाणी मिसळलेलंच पाणी उचलत होती. कायद्यानं तिला १८५५ पर्यंत मुदत दिली होती. स्नोनं मृत्यू मोजले: दर दहा हजार घरांमागे पहिलीकडे ३७, दुसरीकडे ३१५. 'ज्याला जे हवं ते तो निवडेल' असं तू लिहिलंयस ना? तिथे कित्येकांना आपल्या नळाला कुठल्या कंपनीचं पाणी येतं हेच माहीत नव्हतं. पाण्यातल्या मिठाचं प्रमाण तपासून स्नोला ते ठरवावं लागलं. जे दिसतच नाही, ते निवडणार कसं?

पण तुझ्या मित्रालाही एक गोष्ट सांग. त्याच्या काही वर्षं आधी, रोग दुर्गंधीतून पसरतो अशा पक्क्या समजुतीनं लंडनच्या अधिकाऱ्यांनी घराघरांखालची घाण गटारांतून थेट थेम्समध्ये सोडली होती. शहराचा मोठा भाग त्याच नदीचं पाणी पीत होता. हेतू चांगलाच होता. एखाद्या घराची चूक त्या घरापुरती राहते. सरकारची चूक एकाच दिवशी सगळ्यांच्या घरात शिरते, आणि ती कबूल करायला सगळ्यात जास्त वेळही सरकारलाच लागतो.

'दुसऱ्याची हानी टाळण्यापुरतीच सक्ती' हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचं १८५९ चं सूत्र तुला पाठ आहे. चांगलं आहे. पण हानी कशाला म्हणायचं, इथे वाद पुन्हा सुरू होतो. मला अधिकार देण्यापेक्षा तो परत घेण्याची जास्त काळजी वाटते.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटननं लोकांना ओळखपत्रं दिली. सैन्यभरती, रेशन, सुरक्षा, ही कारणं खरी होती. युद्ध १९४५ मध्ये संपलं, ओळखपत्रं राहिली. १९५० पर्यंत ३९ सरकारी यंत्रणा त्या नोंदी वापरू लागल्या होत्या. यात कुणी दुष्ट नव्हतं गं, जो तो आपली सोय बघत होता. त्या डिसेंबरात क्लॅरेन्स विल्कॉक नावाच्या माणसाची गाडी पोलिसानं अडवून ओळखपत्र मागितलं. त्यानं दाखवायला नकार दिला. खटला तो हरला, अपीलही हरला. पण १९५१ च्या त्या निकालात सरन्यायाधीश गोडार्ड यांनी पोलिसांना सुनावलं की एका कामासाठी केलेला कायदा भलत्याच कामाला वापरू नये. १९५२ मध्ये ओळखपत्रं रद्द झाली. एका माणसाला आधी गुन्हेगार ठरावं लागलं, तेव्हा कुठे.

याउलट तिथला प्राप्तिकर बघ. तो दरवर्षी ५ एप्रिलला कायद्यानं संपतो आणि संसदेनं नव्यानं मंजूर केला तरच पुढे चालतो. कर काही टळत नाही, पण सरकारला दरवर्षी येऊन तो मागावा लागतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

आता पुढच्या पत्रात एकच अधिकार निवड. तो नसेल तर कुणाच्या नळाला घाण पाणी येईल, आणि तुझा ज्याच्यावर काडीचाही विश्वास नाही अशा माणसाच्या हाती तो गेला तर काय होईल, दोन्ही लिही. मित्राला फोन कर आणि त्यालाही त्याच अधिकारावर लिहायला सांग. दोघांची पत्रं एकाच पाकिटातून आली तर मला फार आनंद होईल.

कळावे.