सहा वर्षांच्या मुलाची संख्यारेषेवरची बेरीज नेहमी एकाने कमी येते आणि वजाबाकीला तो रडतो. काय करावं?

५ + ३ चं उत्तर ७ येतं ना? म्हणजे तो पाचावर बोट ठेवूनच "एक" म्हणतो. याचा लक्ष नसण्याशी काही संबंध नाही. माझी मुलगी पहिलीत असताना तिच्या डायरीत तीनदा "लक्ष देत नाही" लिहून आलं होतं, आणि माझ्या भासऱ्यांनी तेच धरून ठेवलं. "बेरजा पाठ करवून घे. रेघांवर काय खेळून राहिली पोरीला घेऊन?" रोज जेवताना हेच.

मे महिना होता. उन्हं उतरल्यावर अंगणात पाणी मारलं, फरशी सुकल्यावर खडूने शून्य ते दहा रेघ आखली आणि तिला पाचावर उभं केलं. "आता तीन पुढे." तिने जागच्या जागी पाय आपटला. "एक." सहावर "दोन", सातावर "तीन". चार-पाच वेळा तसंच. पोरीचं मोजणं चोख होतं. ती आकडे मोजत होती, मला उड्या हव्या होत्या, आणि हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. वहीतल्या रेघेवर आकडेच ठळक दिसतात. दोन आकड्यांमधली मोकळी जागा कोण दाखवतं?

मी तिच्या मुठीत तीन चिंचोके दिले. जी जागा ओलांडशील तिथे एक टाकायचा. पाचावर उभी असतानाच तिने हात उघडला, खाली बघितलं आणि परत मिटला. अजून काही ओलांडलंच नव्हतं. मूठ रिकामी झाली तेव्हा ती आठावर होती.

वजाबाकी मेट्रोत जमली. आमच्या नागपुरात झिरो माइल स्टेशनच आहे, दुसरं शून्य कशाला शोधायचं? सीताबर्डी एक, काँग्रेस नगर दोन, रहाटे कॉलनी तीन, अजनी चार, छत्रपती चौक पाच. पाचावरून बसून तीन स्टेशनं मागे गेलो तर कुठे उतरू? काँग्रेस नगर. गाडी हलल्याशिवाय "एक" म्हणायचं नाही, हे तिथे सांगावं लागलं नाही. एकदा भासरेही सोबत होते. तिने विचारलं, "मोठे बाबा, झिरो माइलच्या पलीकडे कस्तूरचंद पार्क आहे, त्याला कितवं म्हणायचं?" ते म्हणाले, ते मोठ्या वर्गात शिकवतात. पहिलीतल्या पोरीला शून्याच्या पलीकडचा प्रश्न पाठांतरातून पडला असता का, हे मला त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

हां, बेरजा पुढे तोंडपाठ व्हायलाच हव्यात, तेवढं त्यांचं खरं. ४७ + ३८ ला एकेक उडी मारून कसं चालेल? तिथे दहाच्या उड्या: ५७, ६७, ७७, मग आठ, ८५. पण आधी उडी कळू द्या, पाठांतर नंतर.

तुमच्या मुलाचं रडणं बहुतेक त्याच चुकीमुळे असेल, कारण मागे जातानाही तो उभ्या जागेलाच "एक" म्हणत असणार. आधी बेरीज चिंचोक्यांनी सुटू द्या, आठवडाभर वजाबाकीचं नावही काढू नका. नंतर ९ - ६ ला सहा उड्या मागे मारायला लावायचीही गरज नाही. सहावर उभा करा आणि नवापर्यंत किती चिंचोके लागतात ते बघू द्या. घरात याहून लहान भावंड असेल तर त्याला मात्र रेघेवर आणू नका, त्याला अजून नुसते चिंचोकेच मोजू द्या.