गोलमेज आणि सुतार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

टीमसाठी गोल टेबल आणलंस हे सांगताना तुझा आवाज किती खुलला होता! "सर, आता कुणाची जागा वरची नाही, कुणाची खालची नाही." तेव्हापासून ब्रिटनच्या दंतकथांमधल्या आर्थर राजाचं गोलमेज डोक्यातून जात नाहीये. फोनवर सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

या मेजाचा उल्लेख पहिल्यांदा केला तो वास नावाच्या नॉर्मन कवीने, ११५५ साली. कारण आपल्या लग्नातल्या मानपानासारखंच. आर्थरचा प्रत्येक सरदार स्वतःला सगळ्यांत श्रेष्ठ समजे, मग खालच्या जागेवर बसणार कोण? पुढे लायमन या इंग्लिश धर्मगुरूने ते भांडणच रंगवून सांगितलं. भर मेजवानीत आधी पाव भिरकावले गेले, मग दारूने भरलेले चांदीचे वाडगे, मग हातघाई, आणि शेवटी मुडदे पडले. त्यानंतर कॉर्नवॉलमध्ये एक कारागीर राजाला भेटला. म्हणाला, सोळाशेहून जास्त माणसं बसतील असं मेज करून देतो, जाशील तिथे बरोबर नेता येईल असं. त्याने ते करून दिलं आणि तो कथेतून निघून गेला. त्या मेजावर त्याला जागा मिळाल्याचं लायमन सांगत नाही.

मला या सुताराचं फार वाटतं. समता होती ती सरदारांची आपापसातली.

इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या ग्रेट हॉलमध्ये भिंतीवर एक गोलमेज टांगलेलं आहे. ओकचं, साडेपाच मीटर व्यासाचं, वजन टनाहून जास्त. ते आर्थरचं नाही, तेराव्या शतकातलं आहे. त्याच्यावरचे रंग ट्यूडर घराण्यातल्या आठव्या हेन्री राजाच्या काळातले, म्हणजे सोळाव्या शतकातले. मध्ये त्या घराण्याचं चिन्ह असलेला ट्यूडर गुलाब, भोवती हिरवे-पांढरे पट्टे, कडेला चोवीस सरदारांची नावं. सरदारांची नुसती नावं, आणि राजाचं मात्र अख्खं चित्र: मुकुट घातलेला, सिंहासनावर बसलेला, बरोब्बर वरच्या टोकाला. गोलाला टोक नसतं म्हणतात, पण रंगवणाऱ्याने ते शोधून काढलं.

माझ्या पहिल्या नोकरीतही बैठकीचं टेबल गोल होतं. साहेबांची तेवढी हातांची खुर्ची, बाकी सगळ्या बिनहातांच्या. मी इतिवृत्त लिहायचो, कपाटाशेजारच्या स्टुलावर बसून, वही मांडीवर घेऊन. एकदा माल कधी पोचला यावर तासभर वाद झाला, तोही चुकीच्या तारखेवरून. खरी तारीख माझ्या वहीत होती. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. त्या गप्प बसण्याची आजही लाज वाटते.

'गोलमेज' म्हटलं की आपल्याला लंडनची परिषद आठवते. चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ साली ज्यांना महाडला सत्याग्रह करावा लागला, ते डॉ. आंबेडकर १९३० साली त्या परिषदेत बसले. अस्पृश्यांच्या वतीने ते आणि रेट्टमलै श्रीनिवासन असे दोघेच होते. पण स्वतःच्या लोकांचं म्हणणं त्यांनी स्वतःच्या तोंडाने मांडलं. तो प्रसंग वाचताना आजही माझा ऊर भरून येतो.

म्हणून पोरी, टेबल आणलंस हे छानच केलंस, आता खुर्च्या मोज. कंत्राटावरची ती दोन मुलं आणि दिवसभर ग्राहकांचे फोन घेणाऱ्या ताई, यांच्या खुर्च्या टेबलालगत आहेत की भिंतीलगत? तू स्वतः रोज एकाच जागी बसू नकोस, नाहीतर तीच वरची जागा होईल. आणि आपलं मत सगळ्यांत शेवटी सांग. तू आधी बोललीस की बाकीचे माना डोलावतील.

गुरुवारी बैठक आहे म्हणालीस ना? त्या ताई काय बोलल्या ते मला रात्री फोन करून सांग. मी जागा असेन.

तुझे,
सर