चंद्रावर जायचंय, पण आवड भूगर्भशास्त्राची

तुझं पत्र वाचलं. अकरावी सायन्सला आहेस, दगड-खनिजांचं वेड आहे, चष्मा लागलाय आणि अंतराळवीर होऊन चंद्रावर जायचंय. बाबा म्हणतात, एरोस्पेस इंजिनीअरिंगच घे. भूगर्भशास्त्रवाल्यांना चंद्रावर कोण नेतंय?

नेलंय की! डिसेंबर 1972 मध्ये अमेरिकेच्या अपोलो 17 मोहिमेतून चंद्रावर उतरलेले हॅरिसन श्मिट भूगर्भशास्त्रज्ञच होते. चंद्रावर चाललेल्या बारा जणांत व्यावसायिक शास्त्रज्ञ तेवढे एकच. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर, सगळीकडे राखाडी धूळ असताना, त्यांच्या नजरेला नारिंगी माती पडली. तिथे थांबायला वेळ थोडा होता, तरी त्यांनी चर खणून नमुने घेतले. पृथ्वीवर तपासल्यावर ती माती म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकातले काचेचे बारीक मणी निघाले. पुढे 2008 मध्ये अपोलोने आणलेल्या अशा मण्यांत पाण्याचे अंश सापडले आणि चंद्र आतून पार कोरडा आहे, या समजुतीला धक्का बसला.

आता याची दुसरी बाजू, कारण तुला नुसतं खूश करून पाठवायचं नाहीये. अमेरिकेने 1959 मध्ये निवडलेले पहिले सातही जण लष्करी टेस्ट पायलट होते. शास्त्रज्ञांची पहिली तुकडी 1965 मध्ये आली. श्मिट त्यातले, आणि त्यांनाही आधी जेट विमान उडवायला शिकावं लागलं. यान नवं असतं तेव्हा ते हाताळणारा माणूस आधी लागतो, दगड ओळखणारा नंतर. आपल्याकडे आज तीच पायरी चालू आहे. गगनयान या आपल्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत. त्यामुळे भूगर्भशास्त्राची पदवी दाखवून आज भारतात हे दार उघडणार नाही. नासाला अमेरिकी नागरिकत्व लागतं, युरोपीय संस्थेला तिच्या सदस्य देशांचं.

मग तुझ्या वेळेला काय? भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचं आपलं जाहीर उद्दिष्ट 2040 चं आहे, चीनचं 2030 च्या आतलं. 2040 मध्ये तू तिशीत असशील, म्हणजे वय जमतंय. पण या तारखांवर आयुष्य बांधू नकोस. माणसाला पुन्हा चंद्रावर नेण्याच्या नासाच्या आर्टेमिस कार्यक्रमात माणूस 2024 मध्ये उतरणार, असं एकेकाळी ठरलं होतं. ती तारीख पुढेच सरकत राहिली.

कामाचं स्वरूप मात्र बदलतंय, आणि ते तुझ्या बाजूने. अपोलोच्या वेळी पोचून सुखरूप परत येणं हाच पराक्रम होता. आता सगळ्यांचा डोळा चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे आहे. तिथल्या काही विवरांच्या तळाशी कधीच ऊन पोचत नाही, म्हणून त्यांत बर्फ टिकून आहे. चंद्रावर पाणी असल्याचा भक्कम पुरावा चांद्रयान-1 च्या निरीक्षणांतून मिळाला होता. पण तो बर्फ किती, किती खोल, मातीत कसा मिसळलेला, कुठे खणलं तर हाती लागेल? हे प्रश्न सोडवायला तुझ्याच शाखेची माणसं लागणार. बरीचशी पृथ्वीवर बसून काम करतील, एखाद-दुसरा वर जाईल.

चष्म्याची काळजी करू नकोस. नासाच्या निकषांत चष्म्याने दृष्टी पूर्ण सुधारत असेल तर चालतं. अंतराळात जास्त दिवस राहिल्यावर कित्येकांची नजर बदलते, त्यामुळे अंतराळ स्थानकावर चष्मा ही नेहमीचीच गोष्ट आहे. लढाऊ वैमानिकाच्या वाटेने जायचं असेल तर मात्र डोळ्यांचे नियम कडक आहेत. तो विचार असेल तर आधी तपासणी करून घे.

बाबांच्या सल्ल्यात चूक एवढीच, की अंतराळवीर हे कॉलेजातून थेट मिळणारं पद नाही. आधी कशात तरी पारंगत झालेल्या लोकांतून ते निवडतात. नासाच्या 2021 च्या तुकडीसाठी बारा हजारांवर अर्ज आले, घेतले दहा. उरलेले कुठे गेले? आपापल्या कामावर, आणि ते काम त्यांना आवडत असेल तर काही बिघडलं नाही. म्हणून मी विचारीन, निवड कधीच झाली नाही तरी तीस वर्षं कोणतं काम आनंदाने करशील? तुझ्या पत्रात दगडांवर दीड पान आहे, इंजिनांवर एक ओळही नाही. बीएस्सीला भूगर्भशास्त्र घे, पण गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस. पुढे ग्रहविज्ञान किंवा रिमोट सेन्सिंगकडे (उपग्रहांवरून जमिनीचा अभ्यास) वळता येईल.

फील्डवर्कची एकही संधी सोडू नकोस. क्रिस्टिना कॉक या विद्युत अभियंत्या. अंतराळवीर होण्याआधी त्यांनी पृथ्वीच्या दक्षिण ध्रुवावरच्या तळावर हिवाळा काढला होता. नंतर त्या सलग 328 दिवस अंतराळात राहिल्या आणि आर्टेमिस-2 साठीही निवडल्या गेल्या. गैरसोयीत, मोजक्या माणसांसोबत, भांडण न करता महिनोन्महिने काम करता येतं का, हे निवड समित्या बारकाईने बघतात. मार्कशीटवर ते दिसत नाही.

आणि हो, ‘अंतराळवीर प्रशिक्षण’ देणाऱ्या आठवडाभराच्या शिबिराची जाहिरात तू जोडली आहेस. हौस म्हणून जायचं तर जा, पण त्या प्रमाणपत्राचा निवडीशी काडीचा संबंध नसतो. तेवढ्या पैशांत चांगलं भिंग, हातोडी आणि दोन चांगली पुस्तकं येतील.

हे पत्र बाबांनाही वाचायला दे. भूगर्भशास्त्र घेतल्यावर नोकरीचं काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न असणार. भूजल, खाणकाम, तेल-वायू, धरणं-बोगद्यांची बांधकामं, सगळीकडे ही माणसं लागतात. त्याबद्दल त्यांना सविस्तर हवं असेल तर त्यांनीच मला लिहावं.